काटा जरा पुढे असतो

तो आमच्या दुकानात आला तेव्हा त्याच्या चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली होती. तार इतकी सफाईनं गुंडाळली होती की क्षणभर मला ती नवी तऱ्हाच वाटली.

"पडला का?" मी विचारलं.

"मीच पडलो. चष्मा माझ्याबरोबर आला."

हसला नाही. विचारलं म्हणून सांगितलं, एवढंच. बाहेर दुपारपासून पावसाची भुरभुर चालली होती. त्याचे खांदे ओले होते, आणि दारातल्या पायपुसण्यावर पाय पुसायला त्यानं इतका वेळ लावला की त्याच्या मागे ताटकळलेल्या बाई वैतागून निघूनच गेल्या. एक गिऱ्हाईक घालवून दुसरं आत आलं, असं मी मनात म्हटलं आणि त्याला खुर्चीवर बसवलं.

मी चष्म्याच्या दुकानात नंबर काढते. सात वर्षं झाली. तेवढ्यात एक गोष्ट मला पक्की कळली आहे. तक्त्यापुढे बसलं की भलेभले लोक खोटं बोलतात. परीक्षेला बसल्यासारखे घाबरतात आणि दिसत नसलेलं अक्षरही ठोकून देतात. मग आठ दिवसांनी चष्मा घेऊन भांडायला येतात.

तो चौथ्या ओळीला थांबला. म्हणाला, "दिसत नाही."

"अंदाजानं सांगा की."

"अंदाज सांगितला तर तुम्ही अंदाजाचा नंबर काढाल. मग घालून मला बसायचंय."

मी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. तिशीतला असेल. बोटांच्या टोकांना बारीक बारीक काप, नखं मात्र स्वच्छ. मी भिंगं बदलत गेले. "हे बरं, का आधीचं?" दर वेळी तो म्हणायचा, "परत एकदा दाखवा. फरक बारीक आहे." एका डोळ्याला सात वेळा...! दुसरं कोणी असतं तर मी चिडले असते. मी लवकर चिडते.

"एवढं बारीक काय बघता तुम्ही दिवसभर?"

"काटे. गाड्यांचे वेगाचे मीटर दुरुस्त करतो." मग जरा थांबून म्हणाला, "खोटारड्यांच्या संगतीत असतो म्हणा ना."

"म्हणजे?"

"गाडीचा मीटर कधी खरं सांगत नाही. काटा जरा पुढे असतो. साठ दाखवत असेल तर गाडी छप्पन्नच्या आसपास असते. नवाकोरा मीटर घेतलात तरी. मुद्दामच तसा बनवतात."

माझा भिंग धरलेला हात तसाच राहिला.

"मुद्दाम कशाला?"

"अगदी बरोबर मीटर कोणालाच जमत नाही. स्प्रिंग सैल पडते, टायर झिजतात, हवा कमीजास्त होते. थोडी चूक राहणारच. मग ती कुठल्या बाजूला ठेवायची, एवढंच आपल्या हातात. काटा मागे राहिला तर माणूस नकळत जास्त पळवेल. पुढे राहिला तर फार तर पाच मिनिटं उशिरा पोचेल. म्हणून नियमच आहे की काटा खऱ्या वेगाच्या मागे पडता कामा नये. कारखानेवाले मग भीतीनं तो पुढेच बसवतात."

"आणि चौसष्ट दाखवत असेल तर?"

"साठ. एखादा इकडेतिकडे. का हो?"

"काही नाही," मी म्हटलं. "हे बरं, का आधीचं?"

चौसष्ट हा आकडा तीन वर्षं आमच्या घरात राहायला होता.

बाबा आणि आई संध्याकाळचे परत येत होते. वळणावर एक ट्रक बंद पडून उभा होता, दिवे नाहीत, मागे दगड नाही, फांदी नाही. बाबांचा पाय मोडला, तो जुळला. आई गेली. चौकशी झाली, सगळा दोष ट्रकवाल्यावर गेला, आणि भेटायला येणारा प्रत्येक जण बाबांना सांगून गेला की तुमची काही चूक नाही. बाबा ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "चौसष्ट." त्या रस्त्यावर साठची मर्यादा होती. गाडी चेपली तेव्हा काटा चौसष्टवर अडकला तो अडकलाच. भंगारवाल्याकडून बाबांनी तेवढा मीटर काढून आणला, टॉवेलमध्ये गुंडाळला आणि कपाटावर ठेवला. त्यानंतर ते कुठल्याही वाहनात बसले नाहीत. ते नकाशे काढायच्या कचेरीत काम करतात. कचेरी आठ किलोमीटरवर आहे. दुखऱ्या पायानं रोज दोन तास जायला, दोन तास यायला... मी समजावलं, रडले, भांडले. मग कानाला खडा लावला आणि गप्प बसले.

आणि आता हा तारेनं बांधलेल्या चष्म्याचा माणूस येतो आणि सहज सांगतो की चौसष्ट म्हणजे साठ.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. मला चष्म्याच्या काडीचा मिळाला.

दुसऱ्याच दिवशी बाबा कचेरीत गेल्यावर मी कपाटावरचा टॉवेल काढला आणि त्याचं दुकान शोधत गेले. दुकान कसलं, एक लांबट खोली. भिंतीभर लहान लहान खण, मधोमध एक बाक, त्यावर एक मोटर, आणि मोटरीला जोडलेली तार. ठरावीक वेगानं तार फिरवायची आणि काटा काय दाखवतो ते बघायचं. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'किलोमीटर मागे फिरवून मिळणार नाहीत. पुन्हा विचारू नये.'

"हे कोण विचारतं?"

"गाडी विकायला निघालेला प्रत्येक सज्जन माणूस," तो म्हणाला. नवा चष्मा त्याला बरा दिसत होता. मीच निवडून, त्याच संध्याकाळी करून दिला होता.

मी टॉवेल उघडला. काच नव्हती, तबकडी मधोमध चिरलेली. तो खूप वेळ हात न लावता बघत राहिला.

"आदळलेल्या मीटरचा काटा धक्क्यानंही सरकतो," तो हळू आवाजात म्हणाला.

"हा नाही सरकला. माझ्या बाबांनी आधीच पाहिला होता. चौसष्टच होता." मग मी सगळं सांगितलं. कोणाला फारसं सांगत नाही मी, पण त्याला सांगितलं. "चौसष्टला खरा वेग किती, ते मला कागदावर लिहून हवंय. सही करून."

त्यानं 'वाईट झालं' म्हटलं नाही, 'तुमच्या बाबांची चूक नाही' असंही म्हटलं नाही. म्हणाला, "स्प्रिंग तीच ठेवून बाकीचं सरळ करावं लागेल. वेळ लागेल. शनिवारी येत जा." मग मान खाली घालून विचारलं, "टायर मूळ मापाचेच होते ना?"

"हो," मी म्हटलं.

तेव्हा मला खरंच लक्षात आलं नव्हतं. पण पुढच्या शनिवारी त्यानं मला समजावून सांगितलं की मीटरला वेग कळतच नाही, तो बिचारा फक्त चाकाचे फेरे मोजतो. चाक मोठं केलं की एका फेऱ्यात गाडी जास्त जाते, आणि मीटरला त्याचा पत्ताही नसतो. आईची कंबर दुखायची आणि ती शिकवायची त्या शाळेचा रस्ता खडबडीत होता. बाबांनी अपघाताच्या महिनाभर आधी गाडीला मोठे, जाड टायर बसवून आणले होते. मला ते आठवलं. मी बोलले नाही. खरा आकडा द्या म्हणत होते आणि हवा होता फक्त साठ. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच.

शनिवार मात्र चांगले जात होते... हे लिहितानाही मला अपराधी वाटतं, पण जात होते. मी दुकान बंद करून जायची. तो दोन पेले चहा मागवायचा आणि चिमट्यानं मीटरमधल्या चक्रांचा एकेक बारीक दात सरळ करत बसायचा. मी जाताच बाकावरचा दिवा जरासा वळवायचा. असं का करतो ते मला तिसऱ्या खेपेला कळलं. मी बसते तिथे उजेड डोळ्यांवर येत होता.

"तुम्ही नेहमी इतकंच बोलता?" मी एकदा विचारलं.

"माझा काटा मागे असतो."

"म्हणजे?"

"आत असतं त्यापेक्षा कमी दाखवतो."

"मग तुम्ही नियमाबाहेर आहात. काटा मागे पडता कामा नये, तुम्हीच सांगितलंत."

तो हसला. पहिल्यांदाच. हसताना चष्मा नाकावरून घसरला, आणि मी तो वर सरकवायला हात पुढे केला... धंद्याची सवय. बोट त्याच्या कपाळाला लागलं. मी म्हटलं, "सैल झालाय, घट्ट करून देईन." तो म्हणाला, "घाई नाही." दोघंही मग उगाच त्या मीटरकडे बघत बसलो.

मला तो आवडायला लागला होता. सरळ सांगायचं तर फार आवडायला लागला होता. त्या ओढीत मी एकदा त्याला आईचा फोटो नेऊन दाखवला. गाडीला टेकून उभी आहे, वारा सुटलाय, एका हातानं केस धरलेत आणि हसतेय. त्यानं तो दोन्ही हातांनी धरून पाहिला. "राहू दे का आठवडाभर?" म्हणाला. मी ठेवून आले.

चौथ्या शनिवारी त्यानं मोटर सुरू केली. काटा थरथरला आणि तीन वर्षांनी शून्यावरून हलला. काटा चौसष्टवर आला तेव्हा त्यानं यंत्रावरचा आकडा वाचला.

"साठ. तुमच्या बाबांचा मीटर चांगला होता." मग म्हणाला, "परत एकदा बघतो. मगच लिहून देईन."

कागदासाठी मी कशाला थांबते! घरी पोचले तेव्हा बाबा जमिनीवर नकाशा पसरून बसले होते. मी चप्पलही काढली नाही.

"बाबा, गाडीचा काटा जरा पुढे असतो. सगळ्याच गाड्यांचा. आपला मीटर मी तपासून घेतला. तुम्ही साठवरच होतात, बाबा... मर्यादेतच होतात."

मला वाटलं होतं ते रडतील. निदान माझा हात धरतील. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पेन्सिल हातातून सुटली आणि घरंगळत कपाटाखाली गेली. "काय म्हणालीस?" त्यांनी विचारलं. मी पुन्हा सांगितलं. ते उठले, आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

सकाळी न खाता बाहेर पडले. आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. ताटात वाढलेलं तसंच राहायचं. पूर्वी निदान चौसष्ट तरी म्हणायचे, आता तेही बंद. करायला गेले एक आणि झालं भलतंच, आणि का झालं ते मला कळेना.

पाचव्या शनिवारी मी गेले ती कागदाच्या आशेनं. निदान सही-शिक्क्याचा कागद पाहून तरी बाबांना पटेल. बाकावर कागद नव्हता. आईचा फोटो होता, आणि त्यावर भिंग.

"चाकावरचं माप वाचता येतं," तो म्हणाला. "हे मूळ टायर नाहीत."

मी फोटोवरचं भिंग बाजूला सरकवलं.

"म्हणजे तो साठ बाद. चाकाचा हिशेब घालून पाहिला. खरा वेग पासष्ट होता. काटा एकानं मागे होता." तो थांबला. "तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मग मला का विचारलंत?"

"कारण मला साठ हवे होते!" माझा आवाज चढला. "लिहून द्या ना साठ. कोणाचं काय जातंय? गाडी नाही, रस्ता नाही, आई नाही. एक म्हातारा माणूस जेवत नाहीये घरी. त्याला एक कागद हवाय."

त्यानं भिंतीवरच्या अक्षरांकडे पाहिलं. म्हणाला, "किलोमीटर मागे फिरवून मागणारेही असंच सांगतात. कोणाचं काय जातंय."

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. "तुम्हाला काय कळणार? तुम्हाला ह्या काट्यांशिवाय आहेच कोण?"

त्यानं चष्मा काढला. रुमालानं पुसत राहिला, खाली बघत. "नाही कोणी," म्हणाला.

मी निघाले. मीटर तिथेच, फोटो तिथेच, छत्रीही तिथेच. अर्ध्या वाटेत पाऊस आला आणि चिंब भिजले. बरं झालं, रडणं कोणाला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली. बाबांनीच दार उघडलं. तो उभा होता. एका हातात माझी छत्री, दुसऱ्या हातात टॉवेलची गुंडाळी. पायपुसण्यावर पाय पुसत होता, नेहमीसारखा.

"मी काटे दुरुस्त करतो," तो बाबांना म्हणाला. "ही तुमची वस्तू आहे, काका. पोचवायला आलो."

मी बाबांच्या मागून त्याला डोळ्यांनी खुणावत होते की जा, काही बोलू नका. त्यानं पाहिलं आणि नजर काढून घेतली. बाबांनी त्याला आत बसवलं. टॉवेल मांडीवर घेतला, उघडला. काट्यावर बोट ठेवून विचारलं, "साठ म्हणालात ना तुम्ही?"

"म्हणालो होतो. चुकलो, काका. टायर बदललेत का हे मी विचारायला हवं होतं, विचारलं नाही. खरा आकडा पासष्ट आहे."

विचारलं होतं त्यानं. पहिल्याच दिवशी, बाकाशी मान खाली घालून. चूक राहणारच असेल तर ती कुठल्या बाजूला ठेवायची, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं ती स्वतःकडे ठेवली. मला ते सहन झालं नाही.

"त्यांनी विचारलं होतं, बाबा," मी म्हटलं. "मीच लपवलं."

बाबा माझ्याकडे बघून कसनुसे हसले. "तू कशाला लपवतेस? मी जन्मभर नकाशे काढलेत. प्रमाण बदललं की काय होतं ते मला कोणी सांगायला नको. दवाखान्यात पडल्या पडल्याच केला होता हा हिशेब. पासष्ट. बरोबर आहे."

"मग तुम्ही चौसष्ट का म्हणायचात?" माझ्या तोंडून निघून गेलं.

बाबा काट्याकडे बघत राहिले. बोलायला लागले तेव्हा आवाज अगदी साधा होता.

"कारण चौसष्ट तुझी आई म्हणाली. तिनं वाकून काटा बघितला आणि म्हणाली, अहो, चौसष्ट झाले. मी म्हटलं, अगं, काटा जरा पुढे असतो, आपण साठवरच आहोत. सगळ्या ड्रायव्हरांना माहीत असतं ते. मलाही होतं. टायर बदलून महिना झाला होता, ते तेवढं आठवलं नाही..." ते थांबले. "मग वळण आलं. हे माझं तिच्याशी शेवटचं बोलणं. आणि त्या दिवशी तू धावत आलीस आणि तेच वाक्य..."

मी भिंतीला टेकून खाली बसले. ज्या वाक्यानं माझ्या बाबांना तीन वर्षं झोप नव्हती, तेच मी औषध म्हणून आणून त्यांना पाजलं होतं. मला त्यांच्या पायांना धरून माफी मागायची होती.

बाबा त्याच्याकडे वळले. "तुम्ही जाणकार आहात. एकच सांगा. खरोखरच साठ असते, तर गाडी थांबली असती?"

मला वाटलं, आता तरी हा माणूस एक शब्द खोटा बोलेल. नसती थांबली म्हणेल. कोणीही म्हटलं असतं.

"माहीत नाही, काका," तो म्हणाला. "अंदाज सांगितला तर तुम्ही तोच खरा धरून बसाल. मला खरंच माहीत नाही."

बाबांनी मान हलवली, कितीतरी वेळ. "तीन वर्षांत सगळे मला खात्रीनं सांगून गेले. माहीत नाही म्हणणारे तुम्ही पहिले." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "चहा टाक. तिघांचा." चहाबरोबर त्यांनी आदल्या दिवशीची शिळी पोळी मागून घेतली आणि खाल्ली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ते बघत होते.

त्यानंतर तो दर रविवारी यायला लागला. बाबा त्याला नकाशे दाखवायचे, तो भिंग काढून बघायचा. दोघंही कमी बोलणारे, त्यामुळे त्यांचं छान जमलं. मला मात्र मधे बसून पेंग यायची. त्याची एक जुनी, लहानशी गाडी होती. ती तो आमच्या गल्लीच्या तोंडाशीच उभी करून चालत यायचा. का, ते कोणी विचारलं नाही.

चौथ्या रविवारी बाबा त्याला पोचवायला म्हणून गल्लीच्या तोंडापर्यंत आले. गाडीपाशी थांबले. पायानं चाकाला हलकेच ढोसलं.

"टायर?"

"मूळ मापाचे."

बाबांनी पुढचं दार उघडलं आणि बसले. मी धावत जाऊन मागे बसले. त्यानं गाडी सुरू केली आणि अगदी सावकाश, वाटेतल्या मांजरालाही घाई होऊ नये इतक्या सावकाश, मोठ्या रस्त्याला काढली.

बाबांची मूठ गुडघ्यावर आवळलेली होती. घरं संपली, झाडं सुरू झाली. रस्ता मोकळा होता. बाबांची नजर काट्यावर होती.

"पन्नास झाले," बाबा म्हणाले. आवाज कोरडा होता.

मी मागे डोळे मिटून घेतले. आता हा म्हणणार, काका, काटा पुढे असतो, खरे सत्तेचाळीसच आहेत. आणि खरं तेच असणार. त्याच्याइतकं ते कोणाला माहीत होतं?

गाडीचा वेग कमी झाला. मी डोळे उघडले. काटा खाली येत होता... पंचेचाळीस, चाळीस, पस्तीस.

"मी हळू चालवा म्हटलं नाही," बाबा म्हणाले.

"नाही. पण शेजारच्यानं काटा वाचून दाखवला की आपण पाय काढायचा, काका. मग आकडा काही का असेना."

बाबांनी तोंडावर हात घेतला. "तिनं वाचून दाखवला होता," ते म्हणाले. "तिला भीती वाटत होती. आणि मी तिला हिशेब सांगितला."

त्यानं गाडी कडेला घेतली आणि बंद केली. बाबा रडत होते. अपघातानंतर मी त्यांना रडताना पाहिलंच नव्हतं, स्मशानातसुद्धा नाही. मी मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, त्यांनी तो घट्ट धरून ठेवला. काचेवर थेंब पडायला लागले. तो पुढे बघत शांत बसून होता, वायपरही लावला नाही. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग बाबांनी चेहरा पुसला आणि म्हणाले, "चला. हळूच."

घरी आलो तेव्हा बाबा उतरले, त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि एकटेच गल्लीत चालत गेले. उद्या कचेरीत बसनं जाईन, असं जाता जाता मला सांगून गेले. मी गाडीच्या खिडकीशी उभी राहिले, छत्रीशिवायच.

"भिजताय," तो म्हणाला.

"भिजू दे. मी तुम्हाला वाईट बोलले होते त्या दिवशी. काट्यांशिवाय कोण आहे म्हणून."

"खरंच होतं ते."

"आता नाहीये." मी खिडकीची कड धरली. "मला तुम्ही आवडता. मनापासून. हा आकडा पुढेही नाही आणि मागेही नाही. आता तुमचा सांगा. आणि कमी दाखवायचं नाही."

त्यानं चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. मला वाटलं, संपलं, हा आता 'घाई नाही' म्हणणार.

"तुम्ही पहिल्या दिवशी भिंगं बदलत होता ना," तो म्हणाला, "दुसऱ्याच वेळेला स्वच्छ दिसलं होतं मला. पुढच्या पाच वेळा मी उगाच परत दाखवा म्हणालो."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. तक्त्यापुढे खोटं न बोललेला माझा एकुलता एक माणूस!

"शोभतं का हे?" मी म्हटलं.

"नाही," तो म्हणाला, आणि चेहरा कानापर्यंत लाल झाला.

पाऊस वाढला होता. मी खिडकीत वाकले. "उद्या तुम्ही याल ना जेवायला?" मग धीर करून पुन्हा म्हटलं, "उद्या तू येशील ना जेवायला?" आणि विचारलं, "हे बरं, का आधीचं?"

तो गंभीर चेहऱ्यानं विचार करत राहिला.

"परत एकदा," म्हणाला. "फरक बारीक आहे."

मी परत एकदा म्हटलं.